बोरीच्या ओढ्यापासून डन्सच्या चौकापर्यंत

निघायच्या आदल्या रात्री बॅगेतून चार किलो संत्रा बर्फी बाहेर काढावी लागली. ब्रिटनमध्ये जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, आणि बर्फीत खवा असतो, हे आमच्यातल्या एका पोराने रात्री दहा वाजता शोधून काढलं. नागपूरच्या माणसानं पहिल्यांदा कुणाच्या दारी जायचं आणि बर्फी न्यायची नाही, हे मावशींना काही केल्या पटेना. "रिकाम्या हातानं काऊन जावं बाप्पा?" असं त्या दोनदा म्हणाल्या आणि मग स्वतःच उठून तिळगुळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. बर्फीच्या जागी तो डबा बसला. उरलेल्या जागेत आमच्या भजन मंडळाच्या पितळी टाळांच्या दोन जोड्या गेल्या.

नागपूरच्या आमच्या चर्चमधले आम्ही सहाजण होतो. पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू), पाळकीणबाई, महिला संघाच्या मावशी (वय ७१, पहिलाच विमानप्रवास), भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करणारा आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याकडची एक नर्स आणि मी. धानोऱ्याची ही मुलगी घरी गोंडी बोलते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचं काम आहे.

जायचं होतं स्कॉटलंडमधल्या डन्स गावाजवळच्या एका खेड्यातल्या मंडळीकडे (एका चर्चच्या सगळ्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो). तिच्याशी आमच्या मंडळीचं सात वर्षांपासून भागीदारीचं नातं आहे. नाताळाला पत्रं जातात, येतात. करोनाच्या काळात मोबाइलच्या पडद्यावर एकत्र प्रार्थना झाल्या. आमच्याकडची दोन माणसं गेली तेव्हा तिकडून चाळीस जणांच्या सह्यांचं पत्र आलं होतं. ते आजही चर्चच्या फलकावर आहे.

डन्सच का? तर मिशनरी स्टीफन हिस्लॉप डन्सचे. १८१७ साली तिथं जन्मले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरात आले. तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकून घेतली, गोंड लोकांची गाणी ऐकून उतरवून घेतली, टाकळीच्या खडकातून जीवाश्म वेचले. ४ सप्टेंबर १८६३ ला नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं (गोल मांडलेले मोठे दगड) पाहून परतताना बोरीजवळच्या भरलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय पंचेचाळीस. १८८३ मध्ये त्यांच्या नावानं कॉलेज निघालं. नागपूरकरांना ते माहीत असतं, माणूस माहीत नसतो. आमची मंडळी त्या जुन्या स्कॉटिश मिशनच्या कामातून उभी राहिली. पुढं २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरातच झाली तेव्हा ती त्यात सामील झाली. लहानपणी संडेस्कूलमध्ये ओढ्याची गोष्ट ऐकली की मला वाटायचं, त्यांच्या गावी कुणीतरी जाऊन हे सांगायला पाहिजे.

व्हिसा, तिकिटं, विमान बदलणं हे सगळं सुरळीत झालं. म्हणून ते सोडून देते.

मंगळवार, ३ जून : एडिनबरा

नागपूर सोडलं तेव्हा नवतपा नुकता संपला होता आणि पारा चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. एडिनबराला उतरलो तर अकरा अंश आणि अंगावर येणारा वारा. मावशींनी विमानतळावरच स्वेटरवर स्वेटर चढवला.

पण थंडीची तयारी आम्ही करून आलो होतो. उजेडाची केली नव्हती. मावशींचा नेम आहे, दिवेलागणीला प्रार्थना. साठ वर्षांत चुकलेला नाही. आठ वाजले, नऊ वाजले, खिडकीबाहेर लख्ख दिवस. साडेनऊला त्या माझ्या खोलीत आल्या. "अंधारच नाही पडून राहिला. प्रार्थना कधी करू?" आम्ही दोघी खिडकीशी बसून राहिलो. पावणेदहाच्या सुमारास सूर्य गेला, तरी आकाश निळंच. शेवटी रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा मावशी म्हणाल्या, "हे लागले ना, मग झाली दिवेलागण," आणि डोळे मिटले. पहाटे साडेचारला पुन्हा ऊन. जूनमध्ये जाणाऱ्यांनी डोळ्यांवर बांधायची पट्टी नक्की न्यावी.

बुधवार, ४ जून : एक सभागृह, मग रेल्वे

सकाळी पाळकसाहेबांच्या ओळखीनं चर्च ऑफ स्कॉटलंडचं असेंब्ली हॉल आतून पाहायला मिळालं. माउंड नावाच्या चढावर, न्यू कॉलेजच्या अंगणातून वर जायचं. अंगणात स्कॉटलंडमधल्या धर्मसुधारणेचा पुढारी जॉन नॉक्स याचा हात उंचावलेला पुतळा आहे.

१८४३ च्या मे महिन्यात याच शहरात स्कॉटलंडच्या चर्चमधून साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले. मंडळीचा पाळक जमीनदारानं नेमायचा की मंडळीनं निवडायचा, हा वादाचा गाभा. घर, पगार, चर्चची इमारत, सगळं सोडून ते निघाले आणि त्यांनी फ्री चर्च उभं केलं. स्वतःच्या डोक्यावर छप्पर नसताना या लोकांनी दुसऱ्याच वर्षी एक तरुण पाळक, म्हणजे हेच हिस्लॉप, नागपूरला पाठवला. हे मी वाचलं होतं, पण त्या शहराच्या थंडीत उभी राहून विचार केला तेव्हा ते किती मोठं होतं ते कळलं.

याच सभागृहात १९१० च्या जूनमध्ये जागतिक मिशनरी परिषद भरली होती. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी आले होते, त्यात हिंदुस्थानी अगदी बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले एक व्ही. एस. अझरिया. पुढं १९१२ मध्ये ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. त्यांनी इथं उभं राहून सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलंत, पण आम्हाला प्रेमही हवंय. आम्हाला मित्र द्या. पाळकसाहेबांनी हे आम्हाला तिथंच, रिकाम्या बाकांवर बसवून सांगितलं. मावशींनी विचारलं, "मग दिले का मित्र?" पाळकसाहेब म्हणाले, "तेच तर पाहायला आलोय."

दुपारी वेव्हर्ली स्टेशनवरून रेस्टनची गाडी धरली. पाऊण तासाचा प्रवास, डाव्या हाताला समुद्र. रेस्टन स्टेशन कित्येक वर्षं बंद होतं, २०२२ मध्ये नव्यानं सुरू झालं. तिथं दिवसातून मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहूनच तिकीट काढावं. पुढं खेड्यापाड्यांत बस आहेत, पण संध्याकाळी आणि रविवारी त्यांच्यावर विसंबू नये. आम्हाला घ्यायला तीन गाड्या आल्या होत्या. एकीच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद होता, देवनागरीत. "सलाम", आम्ही ख्रिस्ती लोक भेटल्यावर म्हणतो ते. 'स'ची दांडी जरा लांब गेली होती. तो लिहिणारे त्यांचे खजिनदार, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शेतकरी. आठवडाभर सराव केला म्हणाले.

गुरुवार, ५ जून : सूप आणि एक बातमी

माझी आणि मावशींची सोय एका आजींकडे होती. एकट्या राहतात. मेंढ्यांच्या कुरणाला लागून घर. सकाळी त्यांनी ओट्सची लापशी केली, फक्त मीठ घालून. साखर विचारल्यावर त्यांनी काढून दिली, पण चेहऱ्यावरून कळलं की हे त्यांना मान्य नाही.

मग त्यांच्या कपाटात मला एक पिवळसर पिठाची पिशवी दिसली. हुंगून पाहिलं तर थेट सातूच्या पिठाचा वास! वाटाणे भाजून दळलेलं पीठ होतं ते, 'पीझमील'. स्कॉटलंडच्या जुन्या खाण्यातलं. उकळतं पाणी, लोणी आणि मीठ घालून ते ढवळून खायचे, गरिबांचं पोटभरीचं. आजींच्या आईच्या वेळी घरोघरी असायचं, आता वर उत्तरेकडच्या एका गिरणीतून त्या मागवतात. मी विचारलं, "मी करू याचं काही?" आणि माझ्याजवळच्या मोहरी, हिंग, तिखटाची फोडणी देऊन कांदा घालून पिठलं केलं. बेसनाइतकं मऊ झालं नाही, थोडं खरखरीत राहिलं, पण भाजलेपणामुळे चव खमंग आली. आजींनी दोनदा घेतलं. मग लहानशी वही काढून कृती लिहून घेतली आणि म्हणाल्या, "माझ्या आईला हे आवडलं असतं."

दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सूपचं जेवण. दर गुरुवारी असतं, गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी. मसुराचं सूप, ब्रेड, नंतर स्कोन आणि चहा. इथं एक सांगून ठेवते. हे डाळीचं सूप दिसतं शाकाहारी, पण पुष्कळदा ते डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. कुणाला राग येत नाही.

जेवणानंतर त्यांच्या पाळकबाई उठल्या. (चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये १९६८ पासून स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. आमच्या पाळकीणबाईंना याचं फार कौतुक.) चार गावांच्या मंडळ्या या एका बाई सांभाळतात. त्या म्हणाल्या, एक गोष्ट आम्ही तुम्हाला पत्रात लिहिली नाही. लिहायचं धाडस झालं नाही. हे चर्च बंद होणार आहे. रविवारी एकोणीस जण येतात, छपराच्या दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. सगळीकडेच इमारती कमी करणं चाललंय. पुढल्या ईस्टरनंतर इथली माणसं डन्सला उपासनेला जातील. इमारत विकली जाईल.

हॉलमध्ये कपबशीचाही आवाज होईना. खजिनदारकाका टेबलाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही इतक्या लांबून आभार मानायला आलात, आणि आम्ही कुलूप लावतोय. लाज वाटते."

मला काही सुचलं नाही. मी शाळेत शिकवते, बोलायची सवय आहे, तरी शब्द फुटेना. आमच्या मंडळीचं आभाराचं पत्र पाळकसाहेबांच्या खिशात होतं, चौकटीत घालून द्यायचं ठरलेलं. ते त्यांनी बाहेर काढलंच नाही. मावशी उठल्या. इंग्रजी त्यांना येत नाही. त्या काकांच्या शेजारी जाऊन बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि मराठीतच प्रार्थना केली. छपरासाठी नाही. एकोणीस जणांची नावं मला विचारून विचारून घेतली आणि एकेकाचं नाव घेऊन केली. उच्चार आपल्या पद्धतीचे. वीस मिनिटं लागली. ज्याचं नाव येई तो मान वर करी.

आपण काय समजून आलो होतो, याचा त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. आपल्या मनात कुठंतरी होतं की ते देणारे आणि आपण घेणारे, आता हिशोब चुकता करायला निघालोय. असा हिशोब घेऊन गेलेल्या माणसाला समोरच्याची अडचण दिसतच नाही. सात वर्षांच्या पत्रांत आम्ही एकदाही त्यांना विचारलं नव्हतं की तुमचं कसं चाललंय, आम्ही कशासाठी प्रार्थना करू. आमच्या गरजा मात्र दर पत्रात होत्या.

शुक्रवार, ६ जून : सिकार पॉइंट

हा दिवस आमच्या भूगर्भशास्त्रवाल्या पोराचा. डन्सच्याच परगण्यात, कॉबर्नस्पाथ गावाजवळ समुद्रात घुसलेलं एक टोक आहे, सिकार पॉइंट. त्याच्या दृष्टीनं हे तीर्थक्षेत्र. नागपुरात असल्यापासून "मी तिथं जाणारच" म्हणून बसला होता.

शेताच्या कडेनं अर्धा तास चालावं लागतं. वाऱ्यात बार्ली लाटांसारखी वाकत होती. टोकावर पोचल्यावर खाली पाहिलं, तर करड्या खडकाचे थर पुस्तकं उभी रचावीत तसे उभे, आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे, किंचित कललेले. १७८८ मध्ये आधुनिक भूगर्भशास्त्राचा पाया घालणारा जेम्स हटन दोन मित्रांना घेऊन नावेनं इथं आला. त्याची शेती डन्सजवळच होती. खालचे थर समुद्राच्या तळाशी साचले, दगड झाले, दुमडून उभे राहिले, वर आले, झिजले, आणि मग त्यांच्यावर नवे थर साचले. एवढं व्हायला किती काळ लागला असेल! पृथ्वीचं वय मोजायची माणसाची पट्टीच त्या दगडांनी बदलून टाकली.

पोरगा म्हणाला, "ताई, खालचा खडक सुमारे साडेत्रेचाळीस कोटी वर्षांचा, वरचा सदतीस कोटींचा. मधली साडेसहा कोटी वर्षं गायब. आणि आपल्याकडचा काळा बेसाल्ट ओतला गेला त्याला आजपर्यंत किती वर्षं झाली? साडेसहा कोटींच्या आसपासच." मग सीताबर्डीच्या टेकडीचं सांगितलं. तिथंही असंच आहे, तळाशी नाइस नावाचा अतिप्राचीन खडक, त्यावर लामेटा नावाच्या गाळाच्या खडकाचे थर, वर बेसाल्ट. रोज आपण त्या टेकडीखालून बर्डीला खरेदीला जातो. डन्सचा मुलगा नागपुरात येऊन हेच थर न्याहाळत होता, यात आता मला नवल वाटेना.

पाळकबाई आमच्यासोबत होत्या. कुणीतरी विचारलं की इतक्या कोटी वर्षांचं ऐकून श्रद्धेला धक्का नाही बसत का? त्या म्हणाल्या, "उलट एक छप्पर गेल्याचं दुःख जरा आपल्या मापाचं होतं."

जाणाऱ्यांसाठी: उतार गवताळ, तीव्र आणि ओला असला की निसरडा आहे. खाली न उतरता वरूनही नीट दिसतं, मावशी वरच बसल्या. स्वच्छतागृह, दुकान काही नाही. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचा रेनकोट हवा. गवतात गोचीड असते, म्हणून पाय झाकलेले असावेत आणि घरी येऊन तपासावेत.

शनिवार, ७ जून : आयमाउथ, धुक्यात

सकाळी छान ऊन होतं. आयमाउथच्या बंदरावर पोचेपर्यंत समुद्रावरून पांढरी भिंत चालत आली आणि दहा मिनिटांत समोरची बोट दिसेना. याला इथं 'हार' म्हणतात. गळ्यातल्या हारासारखाच उच्चार, हे सांगितल्यावर आजींना फार आवडलं.

१४ ऑक्टोबर १८८१ ला एका वादळात या किनाऱ्यावरचे १८९ कोळी बुडाले. त्यांतले १२९ एकट्या आयमाउथचे. कित्येक नावा बंदराच्या तोंडाशी, बायकापोरांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. किनाऱ्यावर ब्राँझच्या छोट्या छोट्या मूर्ती आहेत, समुद्राकडे पाहणाऱ्या बायका आणि मुलं. धुक्यात त्या एकदम समोर आल्या. नर्सबाई प्रत्येकीजवळ थांबत होती. तिच्या आजोबांना वैनगंगेनं नेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बोरीचा ओढाही मी तिथंच आठवला. हिस्लॉपसाहेबांच्या बायकोपर्यंत ती बातमी कुणी आणि कोणत्या शब्दांत पोचवली असेल?

दुपारी बंदरावर गरम मासे आणि बटाट्याचे काप खाल्ले. हॅडॉक मासा, पिठात बुडवून तळलेला, वर मीठ आणि व्हिनेगर. आमच्या सावजी जिभेला फिका, पण इतका ताजा की तक्रार करायला तोंड रिकामं नव्हतं.

संध्याकाळी चर्चमध्ये भजनाचा सराव. खजिनदारकाका एका कोपऱ्यात बसून टाळांकडे पाहत होते. मावशींनी एक जोडी त्यांच्या हातात दिली आणि बोटांत दोरी कशी गुंडाळायची ते दाखवलं. पहिला आघात इतका मोठा झाला की छपरातून पारवे उडाले. अर्ध्या तासात ते ठेक्यावर आले.

रविवार, ८ जून : पन्नासाव्या दिवसाचा सण

ईस्टरपासून पन्नासावा दिवस, पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा रविवार. चर्चमध्ये नेहमी एकोणीस जण, त्या दिवशी त्रेसष्ट. शेजारच्या गावांतून लोक आले होते. दगडी भिंती, साध्या काचा, आत बाहेरपेक्षा जास्त थंडी. जूनमध्येही आतून गरम कपडे घालून जा. सुरुवातीला एक सेवक मोठं बायबल दोन्ही हातांत धरून आत आणतो, सगळे उभे राहतात, ते व्यासपीठावर ठेवलं जातं आणि मगच पाळक वर चढतात. आधी वचन, मग वक्ता. आपल्याकडेही हे सुरू करावं असं मला वाटतं.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात जमलेला प्रत्येक जण देवाची कृत्यं आपापल्या भाषेत ऐकतो, म्हणून त्याचं वाचन चार भाषांत झालं. पाळकबाई इंग्रजीत, काका त्यांच्या घरच्या स्कॉट्समध्ये, मी मराठीत. चौथी धानोऱ्याची नर्स. तिनं महिनाभर आजीशी फोनवर बोलून त्या अध्यायातल्या दोन ओव्या (वचनं) स्वतः गोंडीत केल्या होत्या. कागद थरथरत होता, आवाज नाही. गोंडांची गाणी, त्यांच्या आद्यपुरुषाची म्हणजे लिंगोची कथा हिस्लॉपसाहेबांनी विदर्भ-मध्य प्रांतात बसून लिहून घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं ती टिपणं १८६६ मध्ये छापली. आता एक गोंड मुलगी त्यांच्या मुलखात, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या शब्दांत वाचत होती. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

मग प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आमच्याकडे आम्ही पुढं जाऊन गुडघे टेकतो. तिथं लोक बाकांवरच बसून राहतात, वडील मंडळी (चर्चचा कारभार पाहणारे लोक) भाकरीचं ताट आणि इवल्या पेल्यांचा ट्रे बाकांच्या टोकाशी देतात, आणि तिथून प्रत्येक जण घेऊन शेजाऱ्याला देतो. मला आजींनी दिलं, मी मावशींना, मावशींनी एका अनोळखी तरुणाला. तो नंतर भेटला. दहा वर्षांनी चर्चमध्ये आलो म्हणाला, टाळ ऐकायला.

तेविसावं स्तोत्र त्यांनी त्यांच्या जुन्या चालीत म्हटलं, एकही वाद्य नाही, नुसते आवाज. त्यानंतर आमचं भजन. मावशी गायल्या, काकांनी टाळ धरला, एकदाही ठेका सोडला नाही.

सोमवार, ९ जून : डन्स

शेवटचा दिवस हिस्लॉपसाहेबांच्या गावासाठी राखला होता. लहान गाव, मध्ये चौक, तांबूस-करड्या दगडांची घरं. बागेत तेराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ डन्स स्कॉटसचा पुतळा आहे. मोटार शर्यतीतल्या जिम क्लार्कचं म्युझियम पोरानं धावत पाहून घेतलं. दुकानं पाचला बंद होतात, खरेदी आधी उरकावी. आणि स्कॉटिश बँकांच्या नोटा परतीच्या आधी तिथंच खर्चाव्यात. त्या बाहेर कुणी घ्यायला का-कू करतात.

चौकातल्या बाकावर बसून मी ओढ्याची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं मनात होतं ते. आमच्याबरोबर आलेल्या सातआठ जणांपैकी दोघांनाच हिस्लॉप हे नाव माहीत होतं. टाकळघाटचे दगड, सप्टेंबरातला पूर, कॉलेजच्या फाटकावरचं नाव, सगळं सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

शिशाचा एक बिल्ला, अंगठ्याच्या नखाएवढा. वर त्यांच्या गावाची आद्याक्षरं, वर्षाचे शेवटचे दोन आकडे झिजून गेलेले. पूर्वी प्रभुभोजनाच्या आधी वडील मंडळी घरोघर जाऊन असे बिल्ले देत. रविवारी तो दाखवेल त्याला मेजावर जागा. पुढं बिल्ले गेले, कार्डं आली. चर्चच्या पेटीत शेवटचे थोडे उरले होते. काका म्हणाले, "इमारत विकली की हे कुठल्यातरी काचेत जातील. एक तुमच्याकडे असू दे. आम्ही तिकडं आलो तर जागा द्या."

आम्ही टाळांच्या दोन्ही जोड्या त्यांच्याकडे ठेवल्या. आभाराचं पत्र पाळकसाहेबांनी तसंच परत आणलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या एकोणीस जणांची नावं लिहून घेतली आहेत.

मंगळवार, १० जून, आणि नंतर

परतीचं फारसं सांगण्यासारखं नाही. रेस्टनच्या फलाटावर आजींनी मला पीझमीलची पिशवी दिली आणि मावशींना लोकरीचे मोजे. गाडी दोन मिनिटं थांबते, निरोप आधीच घेऊन ठेवावा लागतो.

पुढच्या रविवारी बिल्ला आमच्या मंडळीत हातोहात फिरला. पहिला पाऊस त्याच दिवशी पडला. उपासनेत आता दर आठवड्याला दोन नावं घेतो. अजून कुणी कंटाळलेलं नाही.

येत्या फेब्रुवारीत तिकडून सहाजण येताहेत. कुणाच्या घरी कोण, याच्या याद्या मावशींकडे आहेत, आणि बर्फी इथंच मनसोक्त खाऊ घालायचं ठरलंय. काकांची एकच मागणी आहे, त्यांना तो ओढा पाहायचाय. आमचं पोरगं जुलैत बोरीकडे जाऊन जागा पाहून आलं. पाणी दोन्ही काठांना लागलं होतं म्हणाला. पण फेब्रुवारीत खाली नुसते दगड असतात. काकांना चालत पलीकडे नेता येईल.